राहतो तिथला मतदार

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिला अगदी खेटून, मेरीलँड राज्याच्या हद्दीत, टाकोमा पार्क नावाचं छोटं शहर आहे. लोकवस्ती सतरा-अठरा हजारांची. १९९० ची जनगणना झाली आणि रिवाजाप्रमाणे इथल्या प्रभागांच्या सीमा नव्याने आखायचं काम निघालं. तिथे प्रभाग आखताना मतदार मोजत नाहीत, माणसं मोजतात. प्रत्येक प्रभागात लोकसंख्या साधारण सारखी हवी, असा दंडक आहे. आखणीच्या समितीने आकडे मांडले तेव्हा तिच्या लक्षात आलं की, लोकसंख्या सारखी असलेल्या दोन प्रभागांत मतदारांची संख्या मात्र कुठच्या कुठे आहे. एकीकडे जुन्या झाडांच्या सावलीतली स्वतःच्या मालकीची घरं, दुसरीकडे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती, आणि त्या इमारतींत एल साल्वादोरसारख्या मध्य अमेरिकी देशांतून यादवी युद्धाला कंटाळून आलेली कुटुंबं. पहिल्या प्रभागातल्या उमेदवाराला पुष्कळ दारं ठोठवावी लागत. दुसऱ्यातल्याचं थोडक्यांत भागत असे. कागदावर दोन्ही प्रभाग सारखेच होते.

प्रश्न गणिताचा म्हणून सुरू झाला आणि दोन-तीन बैठकांत वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचला. या कुटुंबांचा कचरा नगरपालिका उचलते. यांच्या गल्लीतला दिवा नगरपालिका लावते. यांच्या घरभाड्यातून घरमालक नगरपालिकेचा कर भरतो. प्रभाग आखताना यांची डोकी धरली जातात. मग त्या प्रभागाचा प्रतिनिधी निवडताना यांना का वगळायचं? जेमी रॅस्किन हे कायद्याचे प्राध्यापक याच गावात राहत. पुढे ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. अमेरिकेच्या राज्यघटनेत याला आडकाठी नाही आणि मेरीलँडमध्ये आपल्या निवडणुकीचा मतदार कोण हे गावाने ठरवायचं असतं, ही बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. नोव्हेंबर १९९१ मध्ये गावाचा कौल घेतला गेला. शंभराहून कमी मतांच्या फरकाने ‘हो’ची बाजू जिंकली. १९९२ मध्ये नगरसभेने सनद बदलली. तेव्हापासून टाकोमा पार्कच्या निवडणुकीत मत द्यायचं तर तिथे राहत असणं आणि वयात बसणं पुरतं. पासपोर्ट कुठला आणि व्हिसा कसला, हे विचारत नाहीत. राज्याची मतदार यादी वेगळी असते, गावाची ही यादी वेगळी ठेवतात, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत घोटाळा होत नाही.

ही बातमी वाचून बहुतेक अमेरिकी लोक दचकले. परक्यांना मत? हे तर कधी ऐकलं नाही! खरं म्हणजे त्यांच्या पणजोबांनी ते ऐकलं होतं आणि काहींच्या पणजोबांनी तसं मतही दिलं होतं.

अमेरिकेच्या पहिल्या दीडशे वर्षांत नागरिक नसलेल्यांनी मत देणं ही नित्याची गोष्ट होती. विस्कॉन्सिन १८४८ मध्ये राज्य झालं तेव्हा त्याच्या घटनेनेच तरतूद केली की, पुढे नागरिक होण्याचा इरादा ज्या परदेशी गोऱ्या पुरुषाने कचेरीत नोंदवला आहे, त्याने राहण्याची अट पूर्ण केली की मत द्यावं. मिनेसोटा, कॅन्सस, टेक्सस, अशा कितीतरी राज्यांनी हाच कित्ता गिरवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी वीसहून अधिक राज्यं आणि प्रदेश होते. आणि हा हक्क नगरपालिकेपुरता नव्हता; राज्याच्या आणि देशाच्याही निवडणुकीत चालत असे. यामागे उदारपणा कमी, गरज जास्त होती. माळरानं ओसाड पडली होती, ती कसायला जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश शेतकरी हवे होते. मताचा हक्क हे त्यांना बोलावण्याचं आमिष होतं.

या काळाचा खरा चेहरा बघायचा तर मिझुरी राज्यातला एक खटला बघावा. सेंट लुईस शहरात व्हर्जिनिया मायनर ही बाई १८७२ मध्ये मतदार यादीत नाव घालायला गेली. नोंदणी अधिकारी हॅपरसेट यांनी नकार दिला, कारण ती बाई होती. तिचं म्हणणं सरळ होतं: मी या देशात जन्मले, नागरिक आहे, मत हा नागरिकत्वाचाच भाग आहे. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या विरोधात निकाल दिला. न्यायालय म्हणालं, बाई नागरिक आहे यात शंका नाही. पण नागरिकत्व आणि मताधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुरावा म्हणून निकालपत्रात काही राज्यांची यादीच दिली, जिथे नागरिक नसलेले परदेशी पुरुषसुद्धा मत देतात. त्या यादीत मिझुरीचंही नाव होतं. म्हणजे त्याच शहरात, कालपरवा बोटीतून उतरून इरादापत्रावर सही केलेला पुरुष मत देऊ शकत होता आणि तिथली जन्मजात नागरिक असलेली बाई देऊ शकत नव्हती. ‘मत हा नागरिकाचाच हक्क, हे आदिकालापासून ठरलेलं आहे’ असं कोणी ठासून सांगू लागलं की हा खटला आठवावा. मताचा हक्क कोणाला द्यायचा हे त्या त्या काळाच्या सत्तेने आपल्या सोयीने ठरवलेलं असतं.

सोय बदलली तसा नियम बदलला. विसाव्या शतकाच्या तोंडावर येणारे लोक आता इटलीचे, पोलंडचे, रशियातले ज्यू होते. शहरं गिरण्या-कारखान्यांनी भरली. त्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि कालचा जर्मन शेजारी आज संशयित ठरला. एकेका राज्याने दार लावलं. शेवटचं राज्य होतं आर्कान्सॉ, १९२६. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, राष्ट्राध्यक्षाची, कितीतरी दशकांतली अशी पहिली निवडणूक झाली जिच्यात एकाही राज्यात परदेशी मतदार नव्हता. पुढच्या दोन पिढ्यांत हे सगळं इतकं विसरलं गेलं की, टाकोमा पार्कचा निर्णय लोकांना जगावेगळा वाटला.

पूर्ण विसरलं नव्हतं ते न्यूयॉर्क. तिथे १९६९ मध्ये शाळांचा कारभार मोहल्ल्यांच्या हाती देण्यासाठी बत्तीसएक विभागांची शाळामंडळं झाली आणि त्यांच्या निवडणुकीत मुलांच्या आईबापांना मत मिळालं. आईबाप म्हणजे आईबाप. नागरिकत्वाचा दाखला मागितला जात नसे. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला वॉशिंग्टन हाइट्स आहे. ऐंशीच्या दशकात हा भाग डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या कुटुंबांनी भरून गेला होता आणि तिथल्या शाळा शहरातल्या सर्वांत खच्चून भरलेल्या शाळांत मोडत. १९८६ च्या सुमारास कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हजारो पालकांची नावं नोंदवली. त्यांतले बहुतेक नागरिक नव्हते. मंडळावर त्यांची माणसं गेली, आणि मग त्या भागात नव्या शाळा बांधण्यासाठी शहराकडून पैसा सुटू लागला. त्याच मंडळातून वर आलेले गिलेर्मो लिनारेस १९९१ मध्ये शहराच्या नगरसभेत निवडून गेले. मला हे उदाहरण मोलाचं वाटतं, कारण इथे मताने काय होतं ते डोळ्यांना दिसतं. एका वर्गात कोंबलेली पोरं, नोंदणीचे कागद, आणि पुढे उभी राहिलेली इमारत. २००२ मध्ये शाळांचा कारभार महापौरांकडे गेला, मंडळं बरखास्त झाली आणि त्यांच्याबरोबर हा हक्कही गेला.

तो परत आणण्याची धडपड वीस वर्षं चालली. ९ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या नगरसभेने कायदा केला: ज्याच्याकडे ग्रीनकार्ड किंवा कामाचा परवाना आहे आणि जो शहरात तीस दिवस राहिला आहे, त्याने महापौर आणि नगरसभेच्या निवडणुकीत मत द्यावं. सुमारे आठ लाख नवे मतदार होणार होते. त्यांत एच-वन-बी व्हिसावर आलेले भारतीय अभियंते, म्हणजे ओघाने आपली मराठी मंडळीही आली असती. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण अमेरिकेत ‘आधी नागरिक व्हा, मग मत मागा’ हा सल्ला भारतीयांच्या बाबतीत पोकळ ठरतो. नागरिकत्वाची पायरी ग्रीनकार्डावरून जाते आणि नोकरीच्या रांगेतल्या ग्रीनकार्डांपैकी एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतासारख्या मोठ्या देशातून आलेल्यांची रांग त्यामुळे दशकांची होते. या काळात माणूस घर घेतो, त्या घरावरचा शाळेसाठीचा कर भरतो, पोरं बालवाडीतून कॉलेजात जातात, आणि त्या शाळेच्या मंडळावर कोण बसतं याच्याशी त्याचा अधिकाराने काही संबंध नसतो. पालकसभेत कोपऱ्यात उभं राहून ऐकायचं, एवढाच.

न्यूयॉर्कचा कायदा एकदाही वापरात आला नाही. २०२२ च्या जूनमध्ये स्टॅटन आयलंडच्या न्यायालयाने तो थांबवला आणि २० मार्च २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने सहा विरुद्ध एक मताने रद्दच केला. राज्यघटनेत ‘प्रत्येक नागरिकाला मताचा हक्क आहे’ असं लिहिलंय, त्याचा अर्थ नागरिकालाच, इतर कोणाला नाही, असं न्यायालयाने ठरवलं. शेजारच्या व्हरमाँट राज्यात २०२३ च्या जानेवारीत बरोबर उलटा निकाल लागला होता. माँटपीलियर हे गावाएवढं राजधानीचं शहर. परदेशी रहिवाशांना मत देणाऱ्या तिथल्या सनदेविरुद्ध खटला झाला, तेव्हा त्या राज्याच्या न्यायालयाने म्हटलं की घटनेतली नागरिकत्वाची अट राज्याच्या निवडणुकीला लागू आहे, गावच्या नाही. माझ्या मते व्हरमाँटचं म्हणणं अधिक पटण्याजोगं आहे. गावाची सभा आणि राज्याची विधानसभा या एकाच झाडाच्या फांद्या असल्या तरी त्या एकच नाहीत. पहिलीत पाणीपट्टी ठरते, दुसरीत फौजदारी कायदा.

पण अमेरिकेतला वारा सध्या दुसऱ्या दिशेने वाहतो आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आठ राज्यांनी लोकांचा कौल घेऊन आपल्या घटनेत ‘फक्त नागरिक’ असा शब्दबदल केला. त्या आठांत विस्कॉन्सिन आहे, जिथे १८४८ ची ती तरतूद होती. आणि मिझुरीही आहे.

आता अटलांटिक ओलांडू. युरोपात हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला आणि तोही कामगारांच्या पावलांनी. स्वीडनच्या कारखान्यांत फिनलंड, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि तुर्कस्तानातून माणसं आली. ती काही वर्षं राबून परत जातील असा हिशेब होता. ती गेली नाहीत; लग्नं झाली, मुलं झाली. १९७५ मध्ये स्वीडनच्या संसदेने सरळ निर्णय घेतला: तीन वर्षं देशात नोंदणीकृत राहिलेल्या कोणीही गावच्या आणि जिल्ह्याच्या निवडणुकीत मत द्यावं, उभंही राहावं. १९७६ मध्ये पहिल्यांदा हे घडलं तेव्हा दोन लाखांहून अधिक परदेशी मतदार झाले आणि त्यांतल्या सुमारे साठ टक्क्यांनी मत दिलं. आभाळ कोसळलं नाही. परदेशी लोकांचा वेगळा पक्ष निघाला नाही, गावं कोणाच्या ताब्यात गेली नाहीत. डेन्मार्कने १९८१ मध्ये, नॉर्वेने १९८३ मध्ये, नेदरलँड्सने १९८६ च्या निवडणुकीपासून आपापल्या अटींवर हेच केलं. आयर्लंड तर स्वीडनच्याही आधी, १९६३ पासून, स्थानिक निवडणुकीत नागरिकत्व विचारतच नव्हतं. २००० साली आश्रय मागत आयर्लंडला पोचलेले नायजेरियाचे रोटिमी अदेबारी २००४ मध्ये पोर्टलीश या गावाच्या नगरसभेवर निवडून आले आणि २००७ मध्ये नगराध्यक्ष झाले.

जर्मनी याच वळणावर अडला, आणि कसा अडला हे जाणून घेण्यासारखं आहे. १९८९ मध्ये हॅम्बुर्गने आठ वर्षं राहिलेल्या परदेशी रहिवाशांना शहरातल्या विभागसभांसाठी मत दिलं. शेजारच्या श्लेसविग-होल्श्टाइनने सहा देशांच्या लोकांना. दोन्ही कायदे घटनापीठापुढे गेले आणि ३१ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही रद्द झाले. सर्व सत्ता जनतेपासून निघते असं जर्मन घटना सांगते, आणि ती जनता म्हणजे जर्मन नागरिक. गावातली जनता हा त्याच जनतेचा तुकडा आहे, असा तो युक्तिवाद. न्यायालयाने एक वाट मात्र दाखवली. राज्य ज्यांच्यावर चालतं आणि राज्य जे निवडतात त्यांच्यात अंतर पडत असेल, तर नागरिकत्व देण्याचा कायदा सैल करा, असं ते म्हणालं. जर्मनीने ते केलंही, पण दहा वर्षांनी. २००० पासून तिथे परदेशी आईबापांच्या मुलांना काही अटींवर जन्माने नागरिकत्व मिळू लागलं.

दरम्यान एक चमत्कारिक गोष्ट झाली. १९९२ च्या मास्ट्रिख्त कराराने युरोपीय संघातल्या प्रत्येक देशाच्या नागरिकाला संघातल्या कुठल्याही गावात स्थानिक मताचा हक्क दिला. जर्मनीने त्यासाठी घटना बदलली. जे आधी घटनेच्या मुळावर येत होतं ते दोन वर्षांत घटनेतच आलं! पण फक्त युरोपीयांपुरतं. गेल्या वर्षी हॅम्बुर्गला राहायला आलेला पोर्तुगीज तिथे मत देतो. १९६१ च्या करारानुसार जर्मनीनेच बोलावून आणलेला, तिथल्या गोदीत उभं आयुष्य काढलेला तुर्की कामगार, नागरिकत्व घेतलं नसेल तर, देत नाही. ‘जनता’ म्हणजे कोण याचं उत्तर तत्त्वाने दिलं असतं तर दोघांना एकच न्याय लागला असता.

मराठी आणि कोकणी माणसाशी या प्रश्नाची थेट गाठ पडते ती इंग्लंडात. ब्रिटनच्या कायद्यात एक जुनी तरतूद अजून जिवंत आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल तर तो तिथल्या सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो. नगरसभेच्या आणि संसदेच्याही. पुण्याहून लेस्टरला एका वर्षाच्या पदवीसाठी गेलेली मुलगी यादीत नाव घालून देशाचं सरकार निवडायला हातभार लावू शकते. कारण साम्राज्यात आहे. एके काळी हे सगळे ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते; त्याच नात्याने मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून पाच मतांच्या आघाडीने संसदेत गेले. साम्राज्य गेलं, पण मताची तरतूद मागे राहिली.

आता स्विंडन शहराकडे बघा. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या शहरात गोव्याच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांतले पुष्कळ जण पोर्तुगीज पासपोर्टावर आले. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं आणि ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर त्या पासपोर्टावर तिथे राहणं-कमावणं मोकळं होतं. ते नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि गोव्यातल्या यादीतलं नावही. समजा, सासष्टीतल्या एका घरातले दोन भाऊ स्विंडनमध्ये एकाच छपराखाली राहतात. थोरला पोर्तुगीज पासपोर्टावर आलाय, धाकटा भारतीय पासपोर्टावर, कामाच्या व्हिसावर. थोरला नगरसभेला मत देऊ शकतो, संसदेला नाही. धाकटा दोन्हींना देऊ शकतो. आणि २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की नाही याचा कौल घेतला गेला, तेव्हा धाकट्याला मत होतं. थोरल्याला नव्हतं. ज्याचं त्या देशातलं राहणंच त्या निकालावर टांगलेलं होतं, त्याला कोणी विचारलं नाही. ज्याच्या व्हिसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, त्याला विचारलं. संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने २०२२ मध्ये इंग्लंडातल्या युरोपीय रहिवाशांच्या स्थानिक मतावरही बंधनं आणली. पोर्तुगालशी आधीच करार केलेला असल्यामुळे गोंयकारांचं नगरसभेचं मत तेवढं वाचलं.

आशियात हा हक्क दिला तो दक्षिण कोरियाने. २००५ मध्ये कायदा झाला आणि ३१ मे २००६ च्या स्थानिक निवडणुकीत, कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षं झालेल्या परदेशी रहिवाशांनी मत दिलं. त्यांत पिढ्यानपिढ्या कोरियात हॉटेलं-दुकानं चालवणारी, पासपोर्टाने तैवानची असलेली चिनी कुटुंबं बहुसंख्य होती. पण कोरियाची नजर जपानकडेही होती. तिथे लाखो कोरियन वसाहतकाळापासून राहतात. जपानी साम्राज्यात त्यांच्यातले जपानच्या मुख्य भूमीवर राहणारे पुरुष मतदार होते. पाक चुन-गुम नावाचा कोरियन १९३२ मध्ये टोकियोतून जपानच्या संसदेत निवडूनही आला होता. युद्ध हरल्यावर १९४५ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं मत गोठवलं गेलं, १९५२ मध्ये नागरिकत्वही गेलं. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितलं की परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देण्याची सक्ती घटना करत नाही, पण संसदेने तसा कायदा केला तर घटना आडही येत नाही. संसदेने अजून तो केलेला नाही.

विरोधकांच्या म्हणण्यातलं सगळंच टाकाऊ नाही. त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा आपल्याला गृहनिर्माण संस्थेवरून चटकन समजेल. भाडेकरू जिना वापरतो, पाणी वापरतो, देखभालीचा खर्चही बऱ्याचदा त्याच्याच खिशातून जातो. पण वार्षिक सभेत मत सभासदाचं. कारण भाडेकरू उद्या उठून जाईल, इमारतीच्या कर्जाचं ओझं सभासदाच्या डोक्यावर राहील. देशाचंही तसंच आहे, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे, म्हणूनच हा हक्क देणाऱ्या बऱ्याच देशांनी तीन किंवा पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. न्यूयॉर्कची तीस दिवसांची अट मलाही फार तोकडी वाटते. पण हा युक्तिवाद गावाला जसाच्या तसा लागू केला तर तो कुठे नेतो ते मुंबईच्या इतिहासात दिसतं. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत काही जागा निवडणुकीने भरायचं ठरलं, पण मत फक्त करदात्यांना. चाळीतला गिरणी कामगार शहर चालवत होता आणि शहराच्या कारभारात त्याला मत नव्हतं, कारण तो आज आहे उद्या कोकणात परत जाईल, असंच त्याच्याबद्दलही बोललं जाई. प्रौढ मतदानाची पहिली महापालिका निवडणूक १९४८ मध्ये झाली. आज त्याच मुंबईत भाड्याच्या खोलीतला माणूस नगरसेवक निवडतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

आपल्याकडे अर्थात हे सगळं नागरिकांपुरतं आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत असो वा महापालिका, विधानसभेची मतदार यादीच प्रभागवार फोडून वापरतात आणि ती यादी नागरिकांची असते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाला ओसीआय कार्ड मिळतं, मत मिळत नाही. ज्या ब्रिटनमध्ये भारतीयाला संसदेचं मत आहे, तिथल्या नागरिकाला भारतात ग्रामपंचायतीचंही नाही. फाळणी, निर्वासित, आसामचा प्रश्न या सगळ्यांच्या जखमा असलेल्या देशाने इथे सावध राहावं, हे समजण्यासारखं आहे. पण परदेशातल्या मराठी माणसाने तिथे मिळालेला हक्क वापरावा आणि घरी बसून ‘परक्यांना मत’ या कल्पनेवर तावातावाने बोलावं, हे मला पटत नाही.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती मतदारालाच आहे. अमेरिकेत नागरिक नसलेल्याने चुकून राष्ट्रीय निवडणुकीत मत दिलं तर शिक्षा आणि हद्दपारी होऊ शकते. १९९६ चा कायदा त्याबाबत कडक आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांना शाळामंडळासाठी मताचा हक्क दिला, पण नोंदणीच्या कागदावरच इशारा छापावा लागला की ही माहिती परदेशी लोकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या हाती पडू शकते. २०१८ मध्ये नाव नोंदवणारे शंभराच्या आतच राहिले. तो इशारा वाचून कोण पुढे येईल?

युरोपात भीती नाही, तरी तिथेही मतदान कमीच. स्वीडनमध्ये पहिल्या वर्षीचे ते साठ टक्के पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पस्तिसाच्या घरात उतरले. लक्झेंबर्गमध्ये जवळजवळ निम्मी वस्ती परदेशी आहे. राष्ट्रीय निवडणुकीतही त्यांना मत द्यावं का, हे २०१५ मध्ये विचारलं तेव्हा ७८ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. स्थानिक निवडणुकीतली पाच वर्षांच्या वास्तव्याची अट मात्र २०२३ च्या निवडणुकीआधी काढून टाकली, कारण हक्क असूनही फार थोडे नाव नोंदवत होते. नोंदणी कशी होते यावर बरंच अवलंबून असतं. नेदरलँड्समध्ये अॅम्स्टेलवीनला किंवा आइंडहोवनला राहणाऱ्या भारतीयाची पाच वर्षं भरली की निवडणुकीआधी मतदानाचं कार्ड टपालाने आपोआप घरी येतं, कारण रहिवाशांची नोंद नगरपालिकेकडे असतेच. आयर्लंडमध्ये वास्तव्याची काही वर्षं भरावी लागत नाहीत. डब्लिनला राहायला गेलेल्या मराठी परिचारिकेला किंवा संगणक अभियंत्याला पहिल्याच स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. मात्र यादीत नाव आहे का ते स्वतः तपासावं लागतं, नसेल तर अर्ज भरावा लागतो, आणि तो निवडणुकीच्या काही दिवस आधीच करावा लागतो. ही तारीख पुष्कळ जण चुकवतात.